वर्चस्व म्हणजे वैर नव्हे

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतील सदनिकांमध्ये एक नवा पाहुणा स्थिरावू लागला आहे. वीतभर लांबीचा, बिनशेपटीचा, सशाच्या आणि उंदराच्या मधला भासणारा हा जीव म्हणजे गिनीपिग. मुलांचा हट्ट, आईची नाराजी आणि आजोबांची मध्यस्थी अशा तिन्ही टप्प्यांतून गेल्यावर तो घरात येतो. तो एकटा राहू शकत नाही हे जाणणारा दुकानदार बहुधा दोन देतो, आणि दोन्ही नर देतो. नर-मादीची जोडी आणली तर चार-सहा महिन्यांत घराचे गोकुळ होणार, हे त्याला पक्के ठाऊक असते.

पहिले काही आठवडे दृष्ट लागण्याजोगे जातात. दोघे एकाच वाटीत खातात, एकमेकांना खेटून झोपतात. मग एके दिवशी त्यांतला एक दुसऱ्याभोवती घुमू लागतो. कंबर डोलवत, पारव्यासारखा खोल आवाज काढत तो फेऱ्या घालतो, दुसऱ्याच्या अंगावर चढतो, त्याला कोपऱ्यात रेटतो. दुसरा किंचाळतो. मुले रडकुंडीला येतात आणि घरातील वडीलधारी निकाल देतात, ‘यांचे जमत नाही, एकाला परत करा.’ त्या एका निकालावर दोन जिवांचे पुढचे पाच-सहा वर्षांचे आयुष्य अवलंबून असते. म्हणून तो देण्यापूर्वी पिंजऱ्यात नेमके काय चालले आहे, हे शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम या प्राण्याची कुळकथा पाहू. नावात ‘गिनी’ असली तरी आफ्रिकेतील गिनीशी त्याचा संबंध नाही, आणि ‘पिग’ असला तरी तो डुक्कर नाही. तो कृंतक वर्गातील, म्हणजे सतत वाढणाऱ्या दातांनी कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजी. आजच्या पेरू, बोलिव्हिया आणि इक्वेडोर या देशांच्या उंच प्रदेशांत माणसाने त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवले. तेथे तो खाण्यासाठी आणि धार्मिक विधींसाठी पाळला जाई. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून तो युरोपात पोहोचला आणि तेथे लाडका पाळीव प्राणी ठरला. आहाराने तो पूर्ण शाकाहारी आहे.

स्वभावाने तो समूहप्रिय आहे. रानातील गिनीपिगांच्या टोळीत साधारणपणे एक प्रौढ नर, काही माद्या आणि पिल्ले असतात. या जीवाला सोबतीची गरज किती आहे, हे ओळखून स्वित्झर्लंडने २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीत गिनीपिग एकटा पाळण्यास मनाई केली. किमान दोन हवेत, असा तेथे कायदाच आहे. म्हणून ‘भांडतात, एकाला परत करा’ हा उपाय वाटतो तितका साधा नाही. त्यातून भांडण मिटते, पण मागे राहिलेल्याच्या वाट्याला एकांतवास येतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समूहाने राहणाऱ्या बहुतेक प्राण्यांत ज्येष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड असते. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कोंबड्यांचे निरीक्षण करून ती प्रथम पद्धतशीरपणे मांडली. कोणती कोंबडी कोणाला टोचू शकते, याचा क्रम ठरलेला असतो, आणि तो ठरला की खुराड्यातील भांडणे कमी होतात, हे त्यांना दिसले. वर्चस्वाकडे पाहण्याची हीच खरी दृष्टी आहे. उतरंड हे भांडणाचे मूळ नव्हे. रोजच्या रोज भांडावे लागू नये म्हणून निसर्गाने केलेली ती तडजोड आहे. पेढीवर सही कोणाची चालणार हे एकदा ठरले की प्रत्येक धनादेशागणिक वाद होत नाही, तसाच हा प्रकार.

गिनीपिगांच्या बाबतीत या विषयाचा सखोल अभ्यास जर्मनीतील म्युन्स्टर विद्यापीठाचे नॉर्बर्ट झाक्सर आणि त्यांचे सहकारी यांनी केला. त्यांच्या कामातील तीन निष्कर्ष आपल्या उपयोगाचे आहेत.

पहिला निष्कर्ष संगोपनाचा. काही नर मोठ्या कळपात, वडीलधाऱ्या नरांच्या सहवासात वाढवले गेले, तर काही केवळ एका मादीच्या सोबतीने. पुढे प्रौढपणी त्यांची अनोळखी नराशी गाठ घालून दिली. कळपात वाढलेल्या नरांनी थोडक्यात आपापला दर्जा ठरवला आणि ते शांत झाले. मादीसोबत वाढलेले नर मात्र अटीतटीने लढले, आणि त्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल या तणावाच्या संप्रेरकाची पातळी पुष्कळ वाढली. माघार घेणे ही शिकावी लागणारी कला आहे, आणि वयात येताना थोरांकडून चार वेळा दटावणी झालेला नर ती शिकतो, हा त्याचा अर्थ.

दुसरा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. सुस्थिर कळपात खालच्या पायरीवर असलेल्या नराच्या रक्तातील कॉर्टिसॉल वरच्या पायरीवरील नरापेक्षा अधिक आढळले नाही. कनिष्ठ म्हणजे दुःखी, हे आपले गृहीतक तेथे टिकत नाही. दर्जा नक्की असला आणि वागण्याचे नियम दोघांना ठाऊक असले, तर धाकटाही निर्धास्त जगतो. तणाव येतो तो अनिश्चिततेतून.

तिसरा निष्कर्ष माणसाळवण्याविषयीचा. गिनीपिगाचा एक रानटी आप्त आहे. त्याचे नर पिलूपणापासून एकत्र वाढवले तरी वयात आल्यावर एकमेकांना सोसत नाहीत. पाळीव गिनीपिग त्यापेक्षा पुष्कळ सौम्य झाला आहे. दोन नर एका घरात नांदू शकतात, ही शक्यताच मुळी हजारो वर्षांच्या सहवासाची कमाई आहे. तेव्हा ‘नर-नर कधीच जमत नाहीत’ हा समज खरा नाही. मात्र काही पथ्ये पाळल्याविना ते जमत नाही, हेही तितकेच खरे.

आता त्यांची भाषा. वाचकांनी ती तीन पायऱ्यांत लक्षात ठेवावी.

पहिली पायरी नित्याची. घुमत, डोलत फेऱ्या घालणे, मागून हुंगणे, अंगावर चढणे, थोडा पाठलाग, बसकण घासून जमिनीवर आपला गंध लावणे, समोरासमोर उभे राहून नाक उंचावणे हे सारे तिच्यात येते. नाकाच्या या स्पर्धेत ज्याचे नाक अधिक वर राहते तो वरचढ, आणि जो मान खाली घालून बाजूला होतो त्याने दर्जा मान्य केला, असे समजावे. अंगावर चढण्याचा अर्थही येथे बहुधा एवढाच, की ‘मी थोरला’. या वेळी धाकटा जे किंचाळतो, ते पुष्कळदा वेदनेचे नसते. ‘मान्य आहे, आता सोड’ असे ते म्हणणे असते. या पायरीवर आपण हात घालू नये.

दुसरी पायरी सावधानतेची. दात कडकडा वाजवणे, मानेवरील आणि पाठीवरील केस फिस्कारणे, मोठा जबडा उघडून पुढचे दात दाखवणे, झेप घेऊन मागे सरणे, चिमटीत केस उपटणे ही तिची लक्षणे. दाखवलेल्या जबड्याला मुले जांभई समजतात, पण तो इशारा असतो. या वेळी जवळ बसून राहावे, मोठा टॉवेल हाताशी ठेवावा आणि पाहावे. बहुतेक प्रसंग येथेच निवळतात.

तिसरी पायरी युद्धाची. दोघे एकमेकांना भिडून चेंडूसारखे गडगडतात, खोल चावे घेतात, रक्त दिसते. येथे विलंब नको. मात्र उघडा हात मध्ये घालू नये. त्या आवेशात ते धन्यालाही कडकडून चावतात. जाड टॉवेल दोघांवर टाकून त्यांना वेगळे करावे, जखमा पाहाव्यात आणि पशुवैद्याला दाखवावे, कारण चाव्याची बारीक जखम वरून मिटते आणि आत पू धरते. रक्त निघालेली जोडी पुन्हा एका घरात घालण्याची घाई करू नये. पुष्कळदा ती कायमची विभक्तच ठेवावी लागते.

घरोघरी गोंधळ होतो तो पहिल्या दोन पायऱ्यांवर. किंचाळी ऐकली की कोणीतरी धावते, दोघांना वेगळे करते, आणि संध्याकाळी दया येऊन पुन्हा एकत्र ठेवते. हेतू प्रेमाचा असला तरी परिणाम उलटा होतो. दर्जाची बोलणी अर्ध्यावर तुटतात आणि पुढच्या भेटीत पहिल्या अंकापासून सुरू होतात. एकाच वादाची सुनावणी रोज नव्याने व्हावी, तशी त्या दोघांची अवस्था होते.

आमच्या परिचयातील एका व्यापारी कुटुंबात हा प्रश्न अगदी टोकाला आला होता. दोन नर, दोघेही सहा-सात महिन्यांचे. एक तांबूस, अंगाने भरदार आणि दांडगट, दुसरा पांढरा आणि शांत. पांढरा दिवसेंदिवस सुकत चालला. तांबूस त्याच्याभोवती घुमतो, त्याला वाटीवरून हटवतो, हे सर्वांनी पाहिले होते. निकाल ठरल्यासारखाच होता, तांबूस दुकानात परत जाणार. घरातील आजी मात्र म्हणाल्या, ‘आधी वही घाला. कोण किती खातो ते लिहा, मग काय ते ठरवा.’ त्यांच्या यजमानांच्या पेढीवर रोजमेळ लिहिल्याशिवाय गल्ला बंद होत नसे, त्या शिस्तीतल्या त्या बाई.

स्वयंपाकघरातील काट्यावर दोघांचे वजन घेतले जाऊ लागले. दोन वाट्या दोन टोकांना ठेवल्या गेल्या. चारच दिवसांत वही वेगळे बोलू लागली. तांबूस आसपास नसतानाही पांढरा वाटीजवळ जाई, पान तोंडात घेई आणि खाली टाकून देई. त्याची हनुवटी ओली राहत असे. त्याला खायचे होते, पण खाता येत नव्हते. पशुवैद्याने तोंड तपासले तेव्हा मागच्या दाढा वाढून जिभेला टोचत असल्याचे निष्पन्न झाले. दाढा घासून दिल्यावर काही दिवसांत त्याचे वजन सावरले. तांबूस आजही त्याच्याभोवती घुमतो, आणि रात्री दोघे एकाच खोक्यात झोपतात.

बँकेतील आयुष्याने मला एक गोष्ट शिकवली. एका खात्यात तूट दिसली म्हणून शेजारच्या खातेदाराने ती रक्कम नेली, असे होत नाही. आधी नोंदी पाहाव्या लागतात. येथेही तेच. अशक्त झालेला नर छळला गेला म्हणून अशक्त झाला, की आजारी होता म्हणून मागे पडला, हे वजनाच्या वहीशिवाय कळत नाही. याच्या उलटही घडते. आजवर शांत असलेला नर एकाएकी चिडखोर झाला, तर त्याला कोठेतरी वेदना होत असण्याची शक्यता असते.

म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी वजन घ्यावे आणि लिहून ठेवावे. प्रौढ नर साधारण ९०० ते १२०० ग्रॅमचा असतो. २०-३० ग्रॅमची चढउतार नित्याची. आठवड्यात ५० ग्रॅमहून अधिक घट दिसली तर लक्ष ठेवावे आणि ती चालू राहिली तर पशुवैद्याकडे जावे. गिनीपिगाने दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर मात्र आठवड्याची वाट पाहू नये. त्याचे पचन अखंड चालावे लागते आणि २४ तासांचा उपासही त्याला धोक्याचा ठरतो.

आता घराची रचना. दोन नरांच्या कलहाचे सर्वांत मोठे कारण अपुरी जागा. दुकानात मिळणारा सुबक पिंजरा एकालाही पुरत नाही. दोन नरांसाठी किमान साडेसात चौरस फूट आणि शक्य असल्यास दहा चौरस फुटांहून अधिक सलग जमीन द्यावी. हा जीव उड्या मारणारा नव्हे, धावणारा आहे. त्यामुळे मजले वाढवून हिशेब पुरा होत नाही. हरलेल्याला दृष्टीआड होता आले पाहिजे. ते जमले नाही, तर माघार घेऊनही तो समोरच राहतो आणि वरचढाला त्याची माघार दिसतच नाही.

दुसरे पथ्य, प्रत्येक वस्तू दोन. दोन वाट्या, पाण्याच्या दोन बाटल्या, गवताचे दोन ढीग, लपण्याची दोन घरे, आणि तीही एकमेकांपासून दूर. प्रत्येक घराला दोन दारे असावीत. एकाच दाराच्या घरात धाकटा अडकतो आणि थोरला दारात बसतो. साधे पुठ्ठ्याचे खोके समोरासमोर दोन बाजूंनी कापले तरी काम भागते.

तिसरे, माद्यांचा गंध. त्याच खोलीत मादी असली, किंवा मादीला हाताळून तेच हात यांच्या घरात घातले, तर एकोप्याने राहणारे नरही बिथरतात. त्याचप्रमाणे तिसरा नर आणून ‘तिघांत भांडण वाटले जाईल’ असा प्रयोग करू नये. नरांची जोडी टिकते, त्रिकूट क्वचितच टिकते.

चौथे, स्वच्छतेचा अतिरेक. हे प्राणी गंधाने आपला मुलूख ओळखतात. पिंजरा एकाच वेळी कोरा करकरीत केला तर सगळ्या खुणा पुसल्या जातात आणि दर्जाची चर्चा पुन्हा सुरू होते. रोज घाण काढावीच, पण पूर्ण सफाईच्या दिवशी जुन्या गवताचा थोडा भाग परत ठेवावा.

पाचवे, हवामान. अँडीजच्या थंड प्रदेशातून आलेल्या या जिवाला आपला उन्हाळा सोसत नाही. तापमान २७-२८ अंशांच्या वर गेले की तो अस्वस्थ होतो. उकाड्याने त्रासलेले दोन नर एकमेकांवर लवकर भडकतात, आणि उष्माघाताची भीती वेगळीच. पिंजरा गच्चीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये.

आहारात सुके गवत मुख्य, तेही चोवीस तास उपलब्ध. माणसाप्रमाणेच गिनीपिगाचे शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. म्हणून ढोबळी मिरची, कोथिंबीर अशा ताज्या भाज्या रोज थोड्या द्याव्यात. लसूणघास वाढत्या पिलांना चालतो. प्रौढांना तो नेहमी देऊ नये, कारण त्यातील चुन्याचे प्रमाण अधिक असते.

वयाचाही विचार हवा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून साधारण वर्ष-सव्वा वर्षापर्यंतचा काळ गिनीपिगाच्या तारुण्याचा उंबरठा असतो. सर्वाधिक घुमणे, पाठलाग आणि कुरबुरी याच काळात होतात. दुकानातून आणलेली जोडी नेमकी या काळात ‘बिघडते’ आणि परत जाते. आणखी काही महिने धीर धरला असता तर ती बहुधा स्थिरावली असती. दोन समवयस्क तरुणांपेक्षा एक शांत प्रौढ आणि एक लहान पिलू ही जोडी अधिक जमते. थोरला कोण, हे तेथे आरंभीच ठरलेले असते, आणि पिलाला माघार घेण्याची कला शिकवणारा घरातच मिळतो. नवी ओळख करून द्यायची असेल तर ती कोणाच्याच पिंजऱ्यात करू नये. दोघांनाही अपरिचित अशा मोकळ्या जागेत, गवताचे मोठे ढीग घालून, तास-दोन तास समोर बसून करावी.

नसबंदीने भांडण थांबते, असा एक समज आहे. शस्त्रक्रियेने प्रजनन थांबते, परंतु दोन नरांतील दर्जाचा प्रश्न तेवढ्याने सुटेल, याचा भरवसा धरता येत नाही. भूल आणि जखमेचा धोका मात्र निश्चित असतो. केवळ भांडणासाठी तो पत्करू नये.

आणि इतके करूनही दोघांचे पटले नाही तर? तेही घडते, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. अशा वेळी एकाला घालवून देण्याऐवजी मध्ये जाळी घालून दोन शेजारघरे करावीत. परस्परांचा आवाज, गंध आणि दर्शन लाभत राहिले तर एकटेपणाची धार पुष्कळ कमी होते. एका ओट्यावर दोन चुली मांडून सुखाने राहणारी कुटुंबे आपण पाहिली आहेतच.

येथे थोडा आवरही घालावा लागेल. पिंजऱ्यातील उतरंडीवरून माणसांच्या घरांना नियम लावू नयेत. गिनीपिगाला दर्जा मान्य करण्यापलीकडे पर्याय नसतो, माणसाला बोलण्याची, समजावण्याची आणि न्याय मागण्याची सोय असते. परंतु पाहणाऱ्याने काय करावे, एवढा धडा मात्र घेता येतो. आवाज झाला की धावणे आणि डोळ्यांदेखत छळ होत असता स्वस्थ बसणे या दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे. तेथे बसून नीट पाहावे लागते, लिहावे लागते, आणि रक्त दिसले तर क्षणाचाही विलंब न करता उठावे लागते.

ज्यांच्या घरी अद्याप हा पाहुणा आलेला नाही, त्यांनी आणण्यापूर्वी एक हिशेब मांडावा. गिनीपिग पाच ते आठ वर्षे जगतो. आज पाचवीत असलेला नातू दहावीच्या परीक्षेला बसेल तेव्हाही तो घरात असेल, आणि त्या वर्षी त्याचे गवत बदलणारे हात बहुधा आपले असतील. त्याची तयारी असेल तरच दुकानाची पायरी चढावी. जोडी घेताना दोन्ही नरच आहेत ना, याची पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी, कारण लहान वयात ही ओळख सहज चुकते. आणि येतानाच दोन वाट्या, दोन खोकी, एक काटा आणि एक वही आणावी.